टपावर ठेवलेल्या दशम्या

भाकरीचं पीठ पाण्यात मळतात आणि दशमीचं दुधात. एवढ्या फरकावर आमच्याकडची माणसं प्रवास करत आली. पाण्यात मळलेलं अन्न विटाळतं, म्हणून ते परक्यांच्या गर्दीत गाठ सोडून खाता येत नाही. दुधात मळलेलं विटाळत नाही; ते बैलगाडीत, आगगाडीत, मोटारीत कुठंही खावं. विहिरीचं पाणी बाटतं आणि म्हशीचं दूध बाटत नाही, ही अक्कल कुणाची, असं मी सतराव्या वर्षी आईला विचारलं होतं. ती चुलीपुढं बसली होती.

"ज्याले वाटेत भूक लागली आसन, त्याची," ती म्हणाली.

ते उत्तर मला तेव्हा अडाणी वाटलं. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. वडील लवकर गेले, घरात आई आणि मी, आणि नांदुऱ्याच्या शाळेत एका मास्तरांनी हातात दिलेलं पहिलं पत्रक. त्यानंतर अस्पृश्यतेवर, सहभोजनावर, हुंड्यावर, परदेशी कापडावर जे जे छापून येई ते मी पाठ करत असे. एकोणिसाव्या वर्षापर्यंत स्वतःची पत्रकं लिहू लागलो. लढाईचे दिवस होते, कागदावर कंट्रोल होता, तरी पिवळट, खरबरीत कागदावर शे-दोनशे प्रती कुणीतरी छापून देत असे. मला त्या कागदाचा वास गव्हाच्या वासापेक्षा आवडायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला देऊळगाव राजाला दिली होती, बालाजीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. घर सोवळ्याचं, कडक. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि परत गेली ती दोन वर्षं आलीच नाही. परत जाताना वाटेत कुणाकडचं तरी दूध लेकराला पाजलं, घरी पोचल्यावर त्याला ताप आला, आणि सासूबाईंनी माहेरची वाटच बंद केली. दोन वर्षांनी, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं कळल्यावर, त्यांचं मन थोडं वळलं. आखजीला अक्का आली. आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. झोक्यावर गाणारी एक तरी लेक घरात नसली तर तो सण सुतकासारखा जातो.

पण येताना अक्का एक अट घेऊन आली होती. ती तिनं आल्या आल्या, पाय धुताना सांगितली; सासूला ती आत्या म्हणायची. "आत्यानं सांगतलं हाये, येतानी-जातानी मोटारीत लेकराच्या तोंडात घरच्या दशमीबिगर काही गेलं, तं हा शेवटचा फेरा समज."

आई म्हणाली, "हात्तेच्या! दशम्याच ना? दशम्या तं मी आंधळी झाल्यावरही करीन."

भाचा अडीच वर्षांचा होता. बालाजीचा नवस होता म्हणून जावळ काढलं नव्हतं; मुलीसारखी वेणी घालून फिरायचा. आईनं पंधरा दिवस त्याला पाहिलं ते जास्त हातांनीच. त्याचं नाक, हनुवटी, ती वेणी, पुन्हा पुन्हा. "पुढच्या आखजीले मले दिसन का नाही कोन जाने," असं ती म्हणायची, रडून नव्हे, उद्या बाजार आहे की नाही असं विचारावं तसं.

परत पोचवायला मी जाणार होतो. त्या दिवशी आई अंधारात उठली. ज्वारीच्या पिठात गूळ किसून घातला, दुधात मळलं, आणि लेकराच्या तळहाताएवढ्या सहा दशम्या थापल्या. जुन्या धोतराच्या धुतलेल्या फडक्यात त्या बांधल्या आणि गाठ माझ्या हातात दिली.

"मांडीवर ठेवजो. खाली ठेवू नको."

"हाव."

आमच्या वडनेरहून बैलगाडीनं नांदुऱ्याला आलो. तिथून मोताळ्यावरून, राजूरचा घाट चढून बुलडाण्याला जाणारी सर्व्हिस मोटार होती. पुढं चिखलीवरून देऊळगावची दुसरी धरायची. पेट्रोल लष्कराला जात होतं, म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या. मागच्या बाजूला माणसाच्या उंचीची लोखंडी भट्टी बसवलेली, तिच्यात कोळसे पेटवायचे, त्यांचा वायू इंजिनात जायचा. भट्टी नीट धगली तर मोटार चाले, नाही तर उतारू ढकलत. माणसं तिला 'चूलगाडी' म्हणायची.

क्लीनर, चाळिशीचा एक खोकणारा माणूस, दारात उभा राहून ओरडत होता, "एका माणसाचं एकच गाठोडं मांडीवर! बाकी सारं टपावर!"

माझ्याजवळ दोन गाठोडी होती. एक दशम्यांचं. दुसरं पत्रकांचं; बुलडाण्याच्या एका मित्राला द्यायची होती ती, विषय सहभोजनाचा. अक्काच्या मांडीवर लेकरू आणि हातात फिरकीचा तांब्या. मी क्षणभरच विचार केला. पत्रकं वर ठेवली तर वाऱ्यानं उडतील, कुणी उघडून पाहील, पोलिसाच्या हाती लागतील. फडक्यात बांधलेल्या दशम्यांना काय होणार? त्या मी क्लीनरकडं दिल्या. अक्कानं पाहिलं. लहान भाऊ शिकलेला आहे, त्याला कळत असेल, असं तिला वाटलं असणार.

मोताळ्याला मोटार अर्धा तास थांबली. लेकरू "दसमी, दसमी" करू लागलं होतं. "बाबू," अक्का म्हणाली, "तेवढं गाठोडं खाली घेतं का?" मी हो म्हटलं आणि खाली उतरून चहाच्या पालाखाली बसलेल्या लोकांना पत्रकं वाटू लागलो. एक जण वाचून घेत होता, दुसरा वाद घालत होता, मला बरं वाटत होतं. भोंगा वाजला तसा धावत चढलो. गाठोडं टपावरच राहिलं.

वैशाखातलं ऊन. राजूरच्या घाटाच्या दुसऱ्याच वळणावर मोटार धापा टाकू लागली आणि बसली. क्लीनरनं खाली उडी मारून मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारला. सगळे उतरलो. ढकलून झालं. भट्टीतली राख काढून नवे कोळसे घालून झाले. भट्टीचा पंखा फिरवून फिरवून क्लीनरचा खोकला वाढला. पायी चालणारे पुढं निघून गेले. उरलो आम्ही, मोताळ्याकडचा एक म्हातारा शेतकरी, घासलेटाचा डबा घेऊन निघालेला एक दुकानदार आणि बुरखा वर टाकून बसलेली एक पिंजाऱ्याच्या घरची बाई, पन्नाशीची. सावली मोटारीतच होती, म्हणून आम्ही परत आत बसलो. पत्रा तव्यासारखा तापलेला.

म्हातारा ड्रायव्हरला म्हणाला, "काऊन बे, तुही मोटार हाये का चूल?"

"चूलच हाये, बाबा. भाकर तेवढी होत नाही हिच्यावर."

"मंग काय कामाची? आमची चूल घाट चढत नाही, पन जेवाले तं घालते."

हसणं फार टिकलं नाही, कारण भाचा आता रडत होता. भुकेचं रडणं आधी मोठं असतं, मग बारीक होतं. त्याचं बारीक झालं होतं. मी टपावर चढलो. फडकं हाताला ओलं लागलं. दुकानदाराच्या डब्याचं झाकण चढणीवर ढिलं होऊन घासलेट पाझरलं होतं, आणि ते सगळं पाझरलं होतं आईच्या फडक्यात.

मी खाली येऊन गाठ सोडली. वास मोटारभर पसरला. अक्कानं एक दशमी उचलली, नाकाशी नेली, मोडली, आतला भाग हुंगला. मग दुसरी. सहाही दशम्या तिनं तशा मोडून पाहिल्या. एक कण तिनं स्वतः जिभेवर ठेवला आणि खिडकीतून थुंकला.

"माह्या घासलेटाचं कोन देते आता?" दुकानदार म्हणाला. "कंट्रोलचं हाये."

"चूप बसा हो," म्हातारा म्हणाला. "लेकराची भाकर गेली, तुमाले दिव्याची पडली."

अक्का माझ्याकडं पाहत नव्हती. तिनं लेकराला छातीशी धरलं, पण तिचं दूध कधीच आटलं होतं. तांब्यातलं पाणी पाजलं, ते त्यानं पिलं आणि पुन्हा रडू लागलं. घाटात ना घर ना झोपडी. बुलडाणं दोन-अडीच कोस वर. मोटार कधी हलेल, कुणालाच सांगता येत नव्हतं.

पिंजारीण बराच वेळ पाहत होती. शेवटी ती म्हणाली, "बच्चा कब से रो रा, बाई. हलक सूख गया उसका." मग तिनं पदराच्या गाठीतून फुटाणे काढले. "सूखे है. पानी नै लगा इनको."

तिला आमचा नियम ठाऊक होता. भट्टीतलं कोरडं धान्य कुणाच्याही हातचं चालतं, हे तिला सांगावं लागलं नाही. अक्कानं दोन फुटाणे घेतले, सोलून लेकराच्या तोंडात घातले. त्याला ठसका लागला. डोळे पांढरे होईतो खोकला. अक्कानं बोट घालून ते बाहेर काढले.

तेव्हा त्या बाईनं मांडीवरचा पितळी डबा उघडला. आत रवा, गूळ, तूप घालून भाजलेला रोट होता, मऊ, तपकिरी.

"बेटी के वास्ते ले जा री थी. बुलडाने में है, जचकी हुई उसकी." थोडं थांबून तिनं आवाज उतरवला. "दूध में गूंधा है, बाई. तुमारी दशमी सरीखा. पानी की बूंद नै डाली."

अक्कानं लेकराला मांडीवरून उचलून बाकावर बसवलं, आपल्या आणि त्या बाईच्या मध्ये. पदर डोक्यावरून पुढं ओढला. आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

"घाट लय खोल हाये नाही?" ती म्हणाली, कुणालाच न उद्देशून.

मोटारीत जे झालं ते मी त्यानंतर अनेकदा मनात पाहिलं आहे. म्हाताऱ्यानं पागोटं डोळ्यांवर ओढलं. "मले तं झोप लागून राह्यली," तो म्हणाला. दुकानदार, जो आत्तापर्यंत डब्यावरून कुरकुरत होता, उठला आणि "डबा पाहून येतो" म्हणत उतरला. ड्रायव्हर आणि क्लीनर आधीच भट्टीमागं होते. एका क्षणात त्या मोटारीत पाहणारं कुणी उरलं नाही. ती बाई रोटाचा बारीक तुकडा दोन बोटांत कुस्करून लेकराच्या तोंडात घालू लागली. लेकरू गप्प झालं.

डोळे उघडे होते ते फक्त माझे. आणि तोंडही.

"अक्का," मी म्हणालो, "इकडं पाह्य. तोंड फिरवून काऊन बसली? यात चोरी कायची? उजळ माथ्यानं खाऊ घाल त्याले! ह्या बाईनं आपल्या लेकीच्या तोंडचं दिलं, आन् तू तिच्याकडं पाहाचीही नाही?"

मी आणखीही बोललो. मांडीवरच्या पत्रकातली दोन वाक्यं तर मी तशीच्या तशी म्हटली. त्या बाईचा हात हवेत थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग अक्काच्या पाठीकडं. लेकरू तोंड उघडून वाट पाहत होतं.

पागोट्याखालून म्हातारा म्हणाला, "बापू, सभा मंग घ्या. आदी पोट्ट्याले घास गिळू द्या."

अक्का वळली नाही. "बाबू," ती खिडकीबाहेर म्हणाली, "चूप बस."

मी गप्प झालो. हात पुन्हा हलू लागला. लेकरानं अर्धा रोट खाल्ला आणि तिथंच, दोघींच्या मध्ये, झोपून गेलं. तेव्हा अक्का वळली. तांब्यातलं पाणी पदराच्या टोकाला लावून तिनं त्याचं तोंड पुसलं, ओठांच्या कोपऱ्यातला कण न् कण टिपला. मग त्या बाईला विचारलं, "लेकीले पोरगा झाला का पोरगी?"

"पोरी हुई."

"लक्ष्मी आली," अक्का म्हणाली.

तिचे आभार तेवढेच. त्या बाईला ते पुरले; तिनं डबा बंद केला आणि हसली. मला मात्र ते भ्याड वाटले.

ऊन कलल्यावर मोटार सुरू झाली, पण माणसं घेऊन चढेना. आम्ही पायी मागं मागं चाललो. लेकरू माझ्या खांद्यावर, क्लीनर ठोकळा घेऊन चाकाच्या जवळ. अक्का माझ्याशेजारी आली.

"बाबू, हे कोठं बोलू नको. मायजवळही नको."

"काऊन? तुवं काही पाप केलं का?"

"पाप-पुण्य मले नको सांगू. आत्याचं एक लेकरू जत्रेतून येतानी वाटेत काही खाऊन पटकीनं गेलं. चार वर्साचं होतं. तव्हापासून त्या अशा झाल्या. त्याइले कारन सापडलं तं मले पुना पाठवनार नाही. माय आंधळी होऊन राह्यली, दिसत नाही का तुले?" ती थांबली. "लेकराच्या डोक्यावर हात ठेव."

"मी शपथा मानत नाही, अक्का."

"मी मानते ना."

"मले खोटं वागता येनार नाही. शपथ म्हंजे..." मी शपथांवर बोलू लागलो. ती ऐकत चालत राहिली. घाटमाथा आला तेव्हा तिनं लेकराला माझ्या खांद्यावरून काढून घेतलं. दशम्यांचं ते फडकं तिनं वाटेतच एका करवंदीच्या जाळीवर टाकून दिलं होतं. पत्रकं माझ्या काखेत कोरडी होती.

मी घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी लेख लिहिला.

मला स्वतःशी खरं बोलायचं आहे, म्हणून सांगतो: तो लेख मी रागात नाही, आनंदात लिहिला. डोळ्यांत पाणी येत होतं. असं दृश्य कधी कुणी पाहिलं नसेल, असं वाटत होतं. मी त्या मुसलमान आईची थोरवी लिहिली. डोळे मिटून घेणाऱ्या समाजाला झोडपलं. 'खिडकीबाहेर पाहणारी माता' हिला मी प्रश्न विचारले, एकामागून एक सात प्रश्न. नाव कुणाचंच घातलं नाही; तेवढं केलं म्हणजे बहिणीचं म्हणणं राखलं, असं मी स्वतःला समजावलं. पण खरेपणासाठी घाट लिहिला, घासलेट लिहिलं, आणि लेखाच्या शेवटी लिहिलं, 'देवाच्या नवसाची वेणी पाठीवर घेतलेला तो चिमुकला.' त्या ओळीवर मी फार खूश होतो. एका साप्ताहिकानं लेख पहिल्या पानावर घेतला.

देऊळगावात अडीच वर्षांचा, वेणीवाला, आखजीला नांदुऱ्याकडून आलेला मुलगा एकच होता. साप्ताहिक तिथं कापडाच्या दुकानात मोठ्यानं वाचलं जायचं. अक्काचे जेठ, म्हणजे थोरले दीर, ऐकणाऱ्यांत बसले होते. हे मला पुढं कळलं.

आधी आलं ते देऊळगावचं कार्ड. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं ते माझ्याकडं दिलं. त्यात तीन ओळी होत्या. लेकराची तब्येत बरी आहे. लेख पोचला. चि. सौ. हिला यापुढे पाठवणे होणार नाही.

मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. खोटं वाचावं असं मनातही आलं नाही, एवढा मी तेव्हा खरा होतो.

"कोनता लेख?" आईनं विचारलं.

मी साप्ताहिक आणलं आणि तिला सगळा लेख वाचून दाखवला. सात प्रश्नांसकट. ती चुलीपुढं बसली होती, मोतीबिंदूचे डोळे जाळाकडं. वाचून झाल्यावर तिनं चाचपत एक लाकूड आत सारलं.

"चांगलं लेह्यलं हाये," ती म्हणाली. "पन साऱ्या मोटारीनं डोये मिटले होते, बाबू. तुले कोनं सांगतलं होतं पाहाले?"

यावर मी वाद घातला नाही. आजही मी त्या नियमाला दुष्टच म्हणतो. दूध पवित्र आणि माणूस अपवित्र मानणारा नियम मोडलाच पाहिजे. पण त्या मोटारीत तो मोडला जात होता. चार माणसं आणि दोन बाया मिळून, एक शब्द न बोलता, त्याला मोडत होती. मी त्याला मध्येच जागं केलं. आणि मोडल्याची किंमत मी दिली नाही, मला कुणी मागितलीही नाही. मला चार ठिकाणांहून कौतुकाची पत्रं आली.

हे पुन्हा छापायला देताना या वेळी मी काही खुणा बदलल्या आहेत. कोणत्या, ते सांगणार नाही.

पुढच्या आखजीपर्यंत आईचा उजवा डोळा गेला, डाव्याला उजेड-अंधार कळे. आणायला या, असं कार्ड देऊळगावहून येणार नव्हतंच. तरी ती अंधारात उठली. चाचपत गूळ किसला, दुधात पीठ मळलं, सहा दशम्या थापल्या. कडा वाकड्या झाल्या होत्या. नव्या फडक्यात बांधून गाठ माझ्या हातात दिली.

"येऊ देत नाहीत तं नाही. पोचव तेवढ्या."

या वेळी गाठोडं मी मांडीवरून खाली ठेवलं नाही. दुसरं काही बरोबर घेतलंच नव्हतं. चूलगाडी त्या दिवशी एकदाही बंद पडली नाही.

देऊळगावला मला कुणी रागावलं नाही. ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं. सासूबाई समोर बसल्या. तिकडची बोली जालन्याच्या अंगानं जाते. आमचं 'मले-तुले' ऐकून त्यांच्याकडची पोरं हसतात.

"लेख चांगला होता म्हणं तुमचा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं समद्यांनी ऐकला."

मी खाली पाहिलं. "आईनं दशम्या धाडल्या आहेत. दुधातल्या."

"आसंल. ठिवा तिथं." त्यांनी ओसरीचा काठ दाखवला. मग जरा थांबून, रागानं नव्हे, थकून म्हणाल्या, "माझं एक लेकरू असंच गेलं हो. तुमच्या पुस्तकात त्याचं काही नसंल."

त्या आत गेल्या. माझ्या सात प्रश्नांतही ते लेकरू नव्हतं.

मधल्या दारात अक्का आली. वर्षात ती बारीक झाली होती. माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. तिच्यामागून भाचा आला, जावळ निघालेलं, डोकं गुळगुळीत. तिनं लेकराला हलकेच पुढं ढकललं आणि तोंड फिरवून अंगणातल्या तुळशीकडं पाहू लागली.

या वेळी मला कळलं. मी पटकन गाठ सोडली, दशमीचा मऊ मधला तुकडा मोडला आणि हात पुढं केला. बोललो नाही. इकडंतिकडं पाहिलं नाही.

लेकरू तुकड्याकडं पाहत राहिलं. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"हे भाईरचं हाय का?" त्यानं मला विचारलं.

"नाही रे. तुह्या आजीनं केलं. वडनेरच्या."

"भाईरचं खायचं नसतं," तो म्हणाला, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

अक्का तुळशीकडंच पाहत होती. तिच्या पदराचं टोक हलत होतं, वारा नसताना. आतून हाक आली. लेकरू धावत गेलं, मग तीही गेली. मी तुकडा फडक्यात परत ठेवला, गाठ मारली आणि निघालो.

परतीच्या मोटारीत, चिखली सोडल्यावर, मी त्या दशम्या खायला काढल्या. सहाच्या सहा, कोरड्या, घाट उतरेपर्यंत. शेजारच्या बाईच्या मांडीवर एक पोर होतं, ते टक लावून पाहत होतं. मी एक तुकडा पुढं केला. तिनं नम्रपणे मान हलवली आणि पोराचं तोंड आपल्या कुशीत वळवलं. तिचं काही चुकलं नाही. मी कोण, कुठला, तिला काय ठाऊक?

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आई दारातच बसली होती. तिनं हात पुढं केला. मी रिकामं फडकं तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते चाचपलं, मग नाकाशी नेऊन हुंगलं.

"खाल्ल्या का?"

"हाव, माय. तीन तं लेकरानंच खाल्ल्या."

"आन् अक्कानं?"

"तिनंही."

तिनं मान माझ्या आवाजाकडं वळवली. "तुवं पाह्यलं? तुह्या डोयानं?"

"हाव," मी म्हणालो. "पाह्यलं."

तिनं फडकं गुडघ्यावर पसरलं, हातानं सरळ केलं, चौघडी घातली आणि भिंत धरत धरत आत जाऊन पुढच्या आखजीसाठी पिठाच्या डब्यावर ठेवलं.